विलायती वाखंडी तोडली तरी परत का येते?

तक्रार सगळीकडे सारखीच ऐकू येते. एप्रिल-मे महिन्यात मजूर लावून कुंपणावरची वेल साफ केली, ट्रॉलीभर पाला निघाला, बांध मोकळा दिसायला लागला. आणि पोळा येईपर्यंत त्याच जागी चकचकीत पानांची जाळी पुन्हा उभी. वर एका खोडाच्या जागी पाच-सहा फुटवे. पुढच्या उन्हाळ्यात परत मजूर, परत मजुरी. या वेलीपायी दरवर्षी असा खर्च करायचं काही कारण नाही. ती चिवट आहे हे खरं, पण तिची एक बाजू फार कच्ची आहे, आणि आपण नेमकी तीच सोडून भलतीकडे कोयता चालवतो.

बोलतोय ते विलायती वाखंडीबद्दल. शास्त्रीय नाव क्रिप्टोस्टेजिया ग्रँडिफ्लोरा. रोपवाटिकेत रबरवेल म्हणतात, आणि गावाकडे विचारलं तर बऱ्याचदा 'ती चिकाची वेल' एवढंच उत्तर मिळतं. मूळची ती मादागास्करच्या नैऋत्य भागातली. फुलं देखणी आणि पाण्याची फारशी गरज नाही, म्हणून जगभरच्या बागांत गेली. चिकात रबर असतं म्हणून काही ठिकाणी शेतातही लावली गेली. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, आग्नेय आशियातले रबराचे मळे जपानच्या हाती गेले, तेव्हा अमेरिकेने हैतीमध्ये हिची लागवड करण्याचा मोठा खटाटोप केला. १९४४ मध्ये तो गुंडाळावा लागला. रबर नावापुरतंच निघालं, जमिनी मात्र तिथल्या लहान शेतकऱ्यांच्या गेल्या. ऑस्ट्रेलियात ती एकोणिसाव्या शतकात शोभेसाठी आली आणि क्वीन्सलँडमधल्या नद्यांचे काठ तिने गिळले. १९९९ साली त्या देशाने राष्ट्रीय महत्त्वाच्या २० तणांची पहिली यादी काढली, तीत हिचं नाव आहे. आपल्याकडे दख्खनच्या कोरड्या पट्ट्यात रस्त्याच्या, रेल्वेरुळांच्या आणि ओढ्यांच्या कडेला, पडीक रानात आणि जुन्या कुंपणांवर ती सर्रास दिसते. पाऊस कमी आणि ऊन रग्गड, हे तिला मानवतं.

आधी खात्री करून घ्या

फुलावर असताना ओळखायला सोपी. फूल नरसाळ्याच्या आकाराचं, पाच पाकळ्यांचं, पाच सेंटिमीटरच्या आसपास रुंद, रंग फिकट जांभळट-गुलाबी ते जवळजवळ पांढरा. कळी असते तेव्हा पाकळ्या पीळ घातलेल्या दिसतात. फूल उभं चिरून आत पाहिलं तर घशाशी बारीक दोऱ्यासारखे पाच भाग दिसतात आणि प्रत्येकाचं टोक दुभंगलेलं असतं. बागांमधून तिची सख्खी बहीण, क्रिप्टोस्टेजिया मादागास्करिएन्सिस, हीसुद्धा लावतात. तिची फुलं जास्त गडद आणि आतले दोरे न दुभंगलेले. बंदोबस्त दोघींचा एकच, त्यामुळे इथे फार वेळ घालवू नका.

फूल नसलं तर पान बघा. पानं समोरासमोर, जोडीजोडीने. सहा ते दहा सेंटिमीटर लांब, तीन ते पाच रुंद, जाड आणि वरून चकाकणारी. मधली शीर लालसर-जांभळट, देठाकडे रंग जास्त उठून दिसतो. कोवळ्या खोडावर बारीक फिकट ठिपके. पान किंवा शेंडा मोडला की पांढरा चीक लगेच ठिबकतो आणि बोटांत चोळला की चिकट होऊन त्याची तार निघते. (हे हातमोजा घालूनच करा, कारण पुढे येतंच आहे.)

दांड्यांवरूनही ती लांबून कळते. आधार मिळाला नाही तर ती दोन-तीन मीटरचं गच्च झुडूप होते, आणि त्यातून फांद्या नसलेले लांबच लांब काटक दांडे वर काढते. हे दांडे हवेत चाचपडत राहतात, एखादी बाभूळ किंवा बोर हाताशी लागली की तिला पीळ घालून वर चढतात. मोठ्या झाडावर ती पंधरा मीटरपर्यंत सहज जाते. मग खालच्या झाडाला ऊन मिळत नाही, ते वाळतं, आणि पुढे वेलीच्या वजनानेच आडवं होतं.

शेंगा मात्र एकदा पाहिल्या की विसरता येत नाहीत. एका आखूड देठावर दोन शेंगा, बैलाच्या शिंगांसारख्या विरुद्ध दिशांना रोखलेल्या. टणक, धारदार कडांच्या, दहा-बारा सेंटिमीटर लांब. हिवाळ्यात त्या वाळायला लागतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी एका शिवणीवर उकलतात. आत साडेतीनशेपासून आठशेपर्यंत बिया आणि प्रत्येक बीला पांढऱ्या रेशमी केसांचा झुबका. ही आणि रुई एकाच कुळातल्या, म्हणून हिचीही म्हातारी उडते. पोरं ती पकडायला धावतात. डोळ्यात जाऊ देऊ नका एवढं सांगून ठेवा.

गोंधळ होतो तो कोणाशी? उतरणीशी होतो, पण तिचं पान हृदयाकृती, मऊ लव असलेलं, आणि शेंगेवर मऊ काट्यांसारखे उंचवटे. हरणदोडीशी होतो, तीही चिकाची, पण पान रुंद आणि फुलं लहान, हिरवट, घोसांत लोंबणारी. या दोन्ही वेली इथल्याच आहेत, फुलपाखरांच्या आणि माणसांच्या उपयोगाच्या, त्यामुळे चीक दिसला की उपट असं करू नका. जांभळ्या अलमांडाचं फूल लांबून फसवतं, पण तिची पानं एका पेऱ्यावर बहुधा चार-चार असतात आणि फळ गोल, काटेरी. गुळवेलीचं वेगळंच आहे. तिच्यात पांढरा चीक नसतो आणि पानं एकाआड एक येतात. एरवी दोघींत गोंधळ व्हायला नको, पण एकाच बाभळीवर दोघी चढलेल्या असतात आणि काढ्यासाठी खोडं तोडणारा खालून नुसता दांडा ओढतो. गुळवेल काढायची तर पानापर्यंत नजर नेऊनच काढा.

विषारी म्हणजे किती?

कण्हेरीत असतात त्या जातीची, हृदयावर काम करणारी ग्लायकोसाइडं हिच्यात आहेत. वेलीचा प्रत्येक भाग विषारी: पान, खोड, चीक, बी. पोटात गेलं तर उलट्या, पोटात कळा, जुलाब आणि नाडी बिघडणं. चीक कातडीला लागला तर अनेकांना लाली आणि खाज येते, डोळ्यात गेला तर फार भोगावं लागतं. आणि वाळलेल्या वेलीचं भूस, जे लोक निर्धास्तपणे झटकतात, ते नाकातोंडात गेलं की जबर खोकला, नाकाला सूज आणि पापण्यांवर फोड येऊ शकतात. म्हणजे ओली असताना हात सांभाळायचे, वाळल्यावर नाक. काम करताना कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या, डोळ्यांना साधा चष्मा तरी हवाच, आणि वाळकी वेल हलवायची असेल तर मास्क.

यात एक गोष्ट खटकते ती बोलतोच. मालक बांधावर उभा राहतो आणि खाली बसून विळ्याने कापणाऱ्या बायकांच्या हातात काहीही नसतं. पदराने तोंड पुसलं की चीक थेट डोळ्याला. मजुरी ठरवताना हातमोज्यांचे पैसेही धरा.

डोळ्यात चीक गेला तर चोळायचं नाही. वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटं सलग धुवायचं आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. कोणी खाल्लं असेल तर घरगुती उलट्या करवत बसू नका, १०८ ला फोन करा आणि वेलीची फांदी पिशवीत घालून सोबत न्या. काय खाल्लं हे डॉक्टरांना पानावरून कळलं तर वेळ वाचतो.

परत आली, पण कुठून?

इथे खरी गोम आहे. 'परत आली' या एका शब्दात तीन वेगळे आजार असतात आणि तिघांवर औषध वेगळं. जूनच्या पहिल्या दोन-तीन चांगल्या पावसांनंतर जागेवर जा, उकिडवं बसा आणि नवीन हिरवा कोंब जमिनीत कुठून निघालाय ते बोटाने माती बाजूला करून बघा.

कोंब जाड, जोमदार, लालसर, आणि खाली कोयत्याचा जुना घाव असलेलं लाकडी बूड लागलं, तर वेल मेलीच नव्हती. हा प्रकार सगळ्यांत जास्त आढळतो. आपण कापतो ती गुडघ्याएवढ्या उंचीवर, कारण तिथे वाकावं लागत नाही. वेलीची सगळी ताकद मात्र जमिनीलगतच्या गड्ड्यात, म्हणजे खोड आणि मूळ जुळतात त्या जाड भागात असते. वरून कापलं की गड्ड्यावरचे निजलेले डोळे जागे होतात. एकाचे पाच फुटवे होतात ते असे. उन्हाळ्यात कापणं म्हणजे तर तिची छाटणीच करून दिली, पुढे पाऊस आहेच.

कोंब बारीक, एकटा, सरळ, खाली फक्त एक कोवळं सोटमूळ, ओढला तर अलगद वर येतो, तर ते बियाणाचं रोप. मागच्या हंगामात तुमच्याच वेलीच्या शेंगा तुमच्याच जमिनीवर उकलल्या. अशी रोपं घोळक्याने असतात, बहुतेक जुन्या वेलीच्या सावलीच्या आसपास.

आणि तुमच्याकडे जुनी वेल नाहीच, रोपं मात्र विरळ, इकडेतिकडे, खास करून वाऱ्याच्या दिशेच्या बांधाला किंवा पुराचं पाणी येऊन गेलं त्या पट्ट्यात असतील, तर बी बाहेरचं आहे. वाऱ्याने येतं, आणि ओढ्याकाठी पाण्यानेही, कारण शेंगा तरंगतात. अशा वेळी तुमची जमीन कितीही धुऊन काढा, वरच्या अंगाला शेजाऱ्याच्या पडक्या विहिरीवर वेल उभी असेल तर दरवर्षी पेरणी होतच राहणार.

आता ती कच्ची बाजू. हिचं बी मातीत फार टिकत नाही. साधारण वर्षभरात बहुतेक बी एक तर रुजतं, नाही तर मरतं. सुबाभळीचं बी मातीत वर्षानुवर्षं वाट बघत पडून राहतं, तसं इथे होत नाही. म्हणून सलग दोन पावसाळे तुमच्या आवारात एकही शेंग पिकू दिली नाही आणि उगवलेली रोपं उपटली, तर बियाणाचा साठा संपतो. सगळी वेल एका वर्षात मारायची धडपड करण्यापेक्षा शेंगा अडवणं स्वस्त आहे आणि जास्त कामाचंही. ज्याच्याकडे दहा एकर पसरलेली वेल आणि दोनच माणसं आहेत, त्याने आधी फुलांवर आलेल्या वेली गाठाव्यात. नुसत्या पानांच्या वेलींना पुढच्या वर्षापर्यंत थांबवलं तरी चालेल. रोपाला पाणी भरपूर मिळालं तर उगवल्यापासून सात महिन्यांच्या आतबाहेर ते फुलावर येऊ शकतं, त्यामुळे ओढ्याकाठच्या रोपांना मात्र दयामाया नको.

गड्डा काढण्याचं काम

वेळ निवडा ती जुलै-ऑगस्टची, जमीन ओली आणि भुसभुशीत असताना. काळ्या जमिनीत उघडीप मिळाल्यावर दोन दिवस थांबा, नाही तर पायाला चिखलाचे गोळे आणि हाताला काहीच नाही. मुरमाड उतारावर पावसाच्या दुसऱ्या दिवशीच जमतं.

पहिल्यांदा वेल कमरेच्या उंचीवर कापायची, म्हणजे खाली धरायला दांडा राहतो. मग बुडाभोवतीची माती टिकावाने वीतभर खोल मोकळी करायची. गड्डा दिसायला लागतो: खोडापेक्षा फुगीर, फिकट तपकिरी, त्याच्यावर जुन्या फुटव्यांच्या गाठी. घाव या गाठींच्या खाली घालायचा. पहार तिरकी घुसवून मुळाशी तोडली आणि दांडा धरून हलवला की गड्डा सगळा वर येतो. खाली राहिलेलं मूळ बहुधा फुटत नाही. फुटतं ते गड्ड्याचा तुकडा मागे राहिला तर. म्हणून तोडलेल्या जागी चिकाचे थेंब कुठून येतायत ते एकदा बघून घ्या. मुळाच्या टोकावरून आले तर ठीक, बाजूच्या एखाद्या गाठाळ फाट्यावरून आले तर तो फाटाही काढा.

छोट्या वेली या पद्धतीने भराभर निघतात. मांडीएवढं बूड झालेल्या जुन्या वेलीला मात्र दोन माणसांची सकाळ जाते, आणि दगडी बांधात अडकलेली असेल तर बांधच उचकटावा लागतो. तिथे खणण्याचा अट्टहास नको. जमिनीलगत सपाट कापा आणि दर दीड-दोन महिन्यांनी आलेले फुटवे पुन्हा पुन्हा बुडातून मोडत राहा. पानं धरू दिली नाहीत तर गड्ड्यातला साठा हळूहळू संपतो. हे काम कंटाळवाणं आहे आणि मध्ये एकदा चुकलं की पुन्हा सुरुवातीपासून, पण बांध तरी शाबूत राहतो.

झाडावर चढलेल्या वेलीला खालून हिसके मारून ओढणं हा सगळ्यांत वाईट उपाय. वरून चीक तोंडावर गळतो, वाळक्या शेंगा असतील तर हलवल्याबरोबर बी उधळतं, आणि बाभळीच्या फांद्या मोडतात त्या वेगळ्याच. हाताला येतील तेवढ्या शेंगा आधी काढून घ्या. मग वेल दोन ठिकाणी कापा, एकदा छातीच्या उंचीवर आणि एकदा जमिनीलगत, आणि मधला तुकडा काढून टाका. वरचा भाग झाडावरच वाळू द्या. दोनेक महिन्यांत पानं गळतात, वर्षभरात दांडे ठिसूळ होऊन आपोआप खाली येतात. दिसायला वाईट दिसतं, झाड मात्र वाचतं. मधला तुकडा काढायचा तो यासाठी, की खालून आलेल्या फुटव्याला जुन्याच दांड्याची शिडी मिळू नये.

तणनाशक, डिझेल, मीठ वगैरे

नुसतं पानांवर फवारून मोठी वेल मरते हा भ्रम आहे. पानं जळतात, गड्डा हसत राहतो. ऑस्ट्रेलियात तणनाशक ताज्या कापलेल्या बुडख्यावरही लावतात, कापल्याबरोबर लगेच, ब्रशने. चीक सुकून थर धरला की औषध आत जात नाही, त्यामुळे एकाने कापायचं आणि दुसऱ्याने त्याच क्षणी लावायचं, असं काम चालतं. पद्धत म्हणून हे समजण्यासारखं आहे. पण इथे औषधाचं नाव आणि मात्रा मी देणार नाही. ग्लायफोसेट या तणनाशकाच्या वापरावर केंद्र सरकारने २०२२ मध्ये अधिसूचना काढून निर्बंध घातले आणि तो परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता ठेवला; बाकीच्या औषधांच्या लेबलवर कोणतं पीक, कोणतं तण हे लिहिलेलं असतं, त्याबाहेर जाऊन वापरणं योग्य नाही. तुमच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञांना फांदी दाखवून विचारा. ओढ्याच्या पात्रात तर औषध नकोच.

टू-फोर-डी (2,4-D) या तणनाशकाबद्दल वेगळं सांगायला हवं. दुकानदार ते सहज काढून देतो, 'वेल आहे ना, मग हेच मारा' म्हणतो. द्राक्ष आणि कापूस ही दोन्ही पिकं या औषधाला अतिशय नाजूक आहेत. शेजारी द्राक्षबाग किंवा कपाशी असताना बांधावर ते फवारलं आणि वारा फिरला, की पानं आकसून वेडीवाकडी होतात आणि वेलीपेक्षा मोठं भांडण बांधावर उभं राहतं. एकाच पंपाने पुढे पिकावर दुसरं औषध मारलं तरी तोच प्रकार होऊ शकतो.

मीठ, जुनं इंजिन ऑइल, रॉकेल बुडात ओतण्याचे सल्ले फिरत असतात. वेल मरेलही कदाचित, पण तिच्या जागी काहीही उगवणार नाही अशी माती करून ठेवण्यात काय अर्थ?

पेटवून द्यायचं का, हेही विचारतात. क्वीन्सलँडच्या मोठमोठ्या कुरणांमध्ये नियंत्रित आग हा मान्य उपाय आहे आणि ती तिथे लागूही पडते. आपल्याकडे डोंगराला लावलेली आग म्हणजे वणवा. गवत जातं, पाखरांची घरटी जातात, लावलेली रोपं जातात, आणि आगीवर कोणाचंच नियंत्रण नसतं. शिवाय विषारी वेलीचा धूर वस्तीत. नको.

क्वीन्सलँडमध्ये आणखी एक उपाय केला गेला, तो मला फार रोचक वाटतो. मादागास्करहून माराव्हेलिया क्रिप्टोस्टेजिए नावाची तांबेऱ्याची बुरशी नेऊन १९९० च्या दशकात सोडली. ती पानाखाली पिवळी भुकटी धरते, पानं गळतात, शेंगा कमी होतात. मग आपल्याकडे का आणत नाहीत, असं वाटणं साहजिक आहे. पण आपली अनंतमूळ ही वनस्पती वाखंडीच्याच उपकुळातली. परकी बुरशी तिच्यावर गेली तर? असल्या गोष्टी सरकारी परवानगी आणि काटेकोर चाचण्यांशिवाय होत नाहीत, आणि होऊही नयेत.

काढलेल्या ढिगाचं काय करायचं?

पोसलेल्या हिरव्या शेंगा तोडल्यानंतरही वाळून उकलू शकतात, त्यामुळे त्या जमिनीवर टाकायच्याच नाहीत. कमरेला खताची रिकामी गोणी बांधा आणि थेट तीत टाका. गोणीचं तोंड शिवून खड्ड्यात दोन-तीन फूट मातीखाली गाडलं की प्रश्न मिटला. शेंगा नसलेली वेल खडकावर किंवा फरशीवर पसरून कडक वाळवा. ओल्या मातीवर ढीग टाकला तर तुकडे मूळ धरू शकतात. रोपवाटिकेत हिची कलमं करतात ती काही उगाच नाही. ताजे दांडे दोरीसारखे चिवट असतात म्हणून कोणी कुंपणाच्या काठ्या बांधायला वापरतं. तो मोह टाळा.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे ढीग जनावरांच्या वाटेवर नको. हिरवा चारा असताना जनावर या वेलीला सहसा तोंड लावत नाही. धोका येतो तो दुष्काळात आणि कापलेल्या चाऱ्यात. बांधावरचं गवत कापताना वेलीचे शेंडे पेंढीत आले आणि सगळं कुट्टी यंत्रात गेलं, की जनावराला निवडायला जागा उरत नाही. म्हणून कुंपणालगतचं गवत कापायच्या आधी वेल काढा, नंतर नव्हे. खाल्ल्याचा संशय आला, म्हणजे जनावर लाळ गाळतंय, हगवण लागलीय, सुस्त आहे किंवा अडखळतंय, तर त्याला हाकलत घरी आणू नका. ऑस्ट्रेलियात या वेलीने घोडे मेल्याची जी उदाहरणं आहेत, त्यांत पळवल्यावर कोसळलेले घोडे आहेत. हृदयावरचं विष आहे, श्रमाने ते जास्त बाधतं. आहे तिथेच सावलीत स्थिर उभं करा, चारा बाजूला घ्या आणि १९६२ वर किंवा जवळच्या पशुवैद्यकाला फोन करा. तेल, ताक, गूळपाणी पाजत बसण्यात वेळ जातो.

एक शंका हमखास निघते: 'पण अळ्या तर ही पानं फस्त करतात, मग विषारी कशी?' रुईवर्गातल्या झाडांवर वाढणारी काही फुलपाखरं, उदाहरणार्थ कॉमन क्रो, या वेलीवरही अंडी घालतात. त्यांच्या अळ्यांना ते विष पचतं, पुढे फुलपाखराच्या अंगातही उतरतं आणि पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. अळी खाते म्हणून शेळीला चालेल, असा हिशेब करू नका.

मोकळ्या झालेल्या जागेवर

उघडी माती म्हणजे पुढच्या उडत्या बियांना आमंत्रण. दाट गवतात हिच्या रोपाला तग धरणं जड जातं. त्यामुळे खणलेल्या जागा लगेच दाबून त्यावर मारवेल किंवा पवन्या गवताचं बी टाका, आणि पहिला पावसाळा तिथे चराई बंद ठेवा. माळरानावर वेल पसरलेली असते तिथे बहुधा गवत आधीच चरून संपलेलं असतं.

बी शेजारून येत असेल तर शेजाऱ्याशी बोलणं आलं. भांडायला जाण्यापेक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, शेंगा हिरव्या असताना, त्याच्या बांधावर दोघांनी मिळून अर्धा दिवस घालवणं स्वस्त पडतं. गायरान असेल तर ग्रामपंचायत, वनजमीन असेल तर वनविभाग, रुळांकडेला असेल तर रेल्वे. तिथे परवानगीशिवाय काहीही तोडायला जाऊ नका, हेतू कितीही चांगला असला तरी.

शहरातल्या सोसायट्यांना वेगळं सांगायला नको, पण सांगतो. कंपाउंडच्या जाळीवर 'पाणी न मागणारी, बारमाही हिरवी, जांभळी फुलं' म्हणून माळी जी वेल सुचवतो, ती ही नाही ना, हे फांदी मोडून चीक बघून ठरवा. मुलं खेळतात त्या जागी तर अजिबात नको. जाई लावा, वासाचीही सोय होईल. आधीच लावलेली असेल आणि काढायला सभासद तयार नसतील, तर निदान फुलं ओसरली की लगेच छाटणी करून शेंगा धरू देऊ नका, आणि छाटलेला पाला पालिकेच्या ओल्या कचऱ्यात किंवा सोसायटीच्या खतखड्ड्यात न टाकता वेगळा, बंद पिशवीत द्या.

पहिल्या वर्षीच्या सफाईनंतर सप्टेंबरमध्ये आणि पुन्हा डिसेंबरमध्ये एकेक फेरी मारा. सप्टेंबरात गवतातून वर आलेली रोपं सापडतात, तर डिसेंबरात बाकी हिरवं पिवळं पडलेलं असताना वाखंडीची पानं अजून चकाकत असतात आणि चुकलेली एखादी वेल शंभर पावलांवरूनही दिसते. शेंगा तोवर उकललेल्या नसतात. सोबत गोणी न्या.